काळी पाच मागितली होती

मी फारशी देवभोळी कधीच नव्हते, आणि ज्या वर्षाबद्दल लिहिते आहे त्या वर्षी तर देवीशी माझं उघड भांडण चालू होतं. घाटकोपरला आमच्या चाळीच्या मागे तिचं लहानसं देऊळ होतं. कोकणातून आलेल्या गिरणी कामगारांनी बांधलेलं, पत्र्याच्या मंडपाचं. बाबांची गिरणी संपात गेली ती गेलीच. नंतर ते साकीनाक्याच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळू लागले. अशा घरातली मुलगी विद्यापीठात गाणं घेऊन एम. ए. करते याचं नातेवाइकांना कौतुक कमी आणि आश्चर्य जास्त. आत्या तर बाबांना तोंडावर म्हणायची, "पोरीक गाना शिकवून काय तिका भजनी मंडळात धाडतलंस?" बाबा हसून वेळ मारून न्यायचे. पण त्यांनी मलाही एक सांगून ठेवलं होतं की शेवटची परीक्षा होईपर्यंत कुणाचं काही ऐकणार नाही, त्यानंतर मात्र आत्याने आणलेली स्थळं बघायची. म्हणजे ही परीक्षा नीट झाली तर मला कुठेतरी संगीतशिक्षिकेची नोकरी मिळणार आणि गाणं राहणार. वर्ष बुडालं तर गाणंही त्याबरोबर जाणार. पुन्हा एक वर्ष मागायचं तोंड मला नव्हतं.

आणि नेमकी त्याच हिवाळ्यात मी टायफॉइडने अंथरुणाला खिळले. ताप उतरला, केस गळले, ते परत आले. आवाज परत आला नाही. आला तो अर्धाच. आमच्या बाई, म्हणजे ज्यांच्याकडे मी लहानपणापासून शिकत होते त्या, काळी पाचमध्ये गायच्या. पेटीवरची ही पट्टी बायकांच्या गळ्यालाही चांगलीच उंच. बाईंच्या क्लासात सगळ्या मुली तिथेच गायच्या. तानपुरे त्याच पट्टीत लावलेले असायचे, आणि एखादीला ती पेलली नाही की ती आपणहून क्लासाला कमी येऊ लागायची. मला ती कधी जड गेली नव्हती. वरच्या षड्जावर मी आरामात थांबायचे, आणि त्याचा मला थोडा तोराही होता. आता त्या षड्जाच्या आसपास गेलं की आवाज फाटायचा आणि नुसती हवा बाहेर यायची. ज्येष्ठमध झाला, हळदीचं दूध झालं, मिठाच्या गुळण्या झाल्या. बाई म्हणायच्या, "येईल, घाई करू नकोस." पण परीक्षा थांबणार नव्हती. मी दार लावून त्या एका सुरावर धडका मारत बसायचे आणि मग संध्याकाळपर्यंत साधं बोलायलाही जमायचं नाही.

शेवटी बाबा म्हणाले, गाऱ्हाणं घालू या. आमच्या कोकणात देवापुढे नारळ ठेवून घरातला कर्ता माणूस मोठ्याने देवाला आपली अडचण सांगतो, आणि भोवती जमलेली माणसं प्रत्येक वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणून आपला होकार जोडतात. एरवी मी अशा वेळी मागे उभी राहून हसू दाबायचे. त्या दिवशी मात्र मी बाबांना वाटेतच पढवलं. नुसता आवाज मागू नका, काळी पाच म्हणा. देवीचा काही घोटाळा व्हायला नको. बाबांना काळी पाच म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण मुलीने सांगितलं म्हणून त्यांनी डोळे मिटून तसंच म्हटलं, "गे आये माउली, माज्या चेडवाचो काळी पाचातलो आवाज होतो तसो परत दी. ता तुज्या दारात उभा ऱ्हवान पयला गाना तुकाच आयकवीत." शेजारच्या चार जणांनी गंभीरपणे "व्हय म्हाराजा" म्हटलं. मला अजून आठवतं, मी त्या काळ्या मूर्तीकडे दुकानदाराकडे बघावं तशी बघत होते. ऑर्डर दिली आहे, आता माल कधी येतो?

माल आला नाही. फेब्रुवारी गेला, मार्च अर्धा सरला, आवाज जिथल्या तिथे. मी देवळात जाणं बंद केलं. आईने विचारलं तर म्हणायचे, "तिला ऐकू येत नाही, मला गाता येत नाही. बरोबरी झाली." आईला वाईट वाटत होतं हे मला दिसत होतं, तरी मी म्हणायचे.

एका शुक्रवारी आईची कंबर धरली आणि देवीची ओटी घेऊन मला जावं लागलं. मंडपात बायकांचं भजन चाललं होतं. पेटी नव्हती, एक ढोलकी आणि झांजा, बस्स. ओटी ठेवून सटकावं म्हणून मी वळले, तर भजन सांगणाऱ्या बाईंनी बसल्या जागेवरून माझा हात धरला. साठीच्या असतील, हिरवं लुगडं, अंगाने स्थूल. त्यांना मी आधी कधी पाहिलं नव्हतं. गाता गाता त्यांना धाप लागली होती, ओळ मध्येच तुटली होती आणि ढोलकीवाली नुसतीच वाजवत वाट बघत होती. त्या मला म्हणाल्या, "माका दम लागता गो. तू म्हण फुडे."

मला म्हणायचं होतं की माझाही आवाज गेला आहे. पण त्यांची छाती वरखाली होत होती, हाताची पकड घट्ट होती, आणि ते भजन लहानपणापासून कानावरून गेलेलं होतं. मी खाली बसले आणि त्यांनी सोडलेली ओळ उचलली. कुठली पट्टी, कुठला सूर, माझ्या मनातही आलं नाही. त्या जिथे गात होत्या तिथेच गायचं होतं. पहिली ओळ झाली, मग अंतरा आला. अंतरा वर चढतो तिथे आता आवाज फाटणार हे मला माहीत होतं. फाटला नाही. थोडा खरखरीत, पण भरीव असा एक आवाज मंडपात उभा राहिला आणि तो माझा होता हे मला क्षणभर कळलं नाही. त्या बाईंनी डोळे मिटून झांज धरली होती. भजन संपल्यावर त्या पाणी प्यायल्या, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि दुसऱ्या बायकांशी बोलायला लागल्या. मी घरी आले ती जवळजवळ धावत.

पेटी काढून सूर शोधला. काळी तीन, म्हणजे दोन काळ्या पट्ट्या खाली. मला आनंद व्हायला हवा होता, आणि झाला तो राग. मागितली काळी पाच आणि मिळाली काळी तीन, म्हणजे देवीनेही मला खालच्या वर्गात बसवलं, असं वाटलं. बाईंना सांगायचा धीर झाला नाही. घरी मी चोरून काळी तीनमध्ये रियाज करायचे आणि क्लासात जाऊन काळी पाचमध्ये आवाज फाडायचे. घरातला आवाज रोज थोडा थोडा बसत होता, मोकळा होत होता, तरी मला तो आपला वाटत नव्हता. परीक्षेच्या आदल्या दिवसापर्यंत कुठल्या पट्टीत गाणार हे मी ठरवलं नव्हतं. खरं सांगायचं तर ठरवायची भीती वाटत होती.

प्रात्यक्षिक परीक्षा अंधेरीच्या एका कॉलेजात होती. दुपारची वेळ, दोन परीक्षक, कोपऱ्यात साथीला एक तरुण तबलजी. बाई बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या आणि दार उघडंच होतं. तबलजीने रिवाजाप्रमाणे विचारलं, "ताई, पट्टी?" इतकी वर्षं ज्याचं उत्तर विचार न करता द्यायचे तो प्रश्न. काळी पाच हे शब्द जिभेवर आलेच होते. तेवढ्यात मला देवळातल्या त्या भजनवाल्या बाईंची पकड आठवली. तू म्हण फुडे. त्या दिवशी सूर मी निवडला नव्हता, म्हणून गाता आलं होतं. मी म्हटलं, "काळी तीन."

त्याने मान वर केली. "काळी तीन? मुलींसाठी मी काळी चार-पाचचेच तबले आणतो." परीक्षकांनी घड्याळाकडे पाहिलं. तो पिशवीत वाकला आणि कपड्यात गुंडाळलेला आणखी एक तबला काढला. "नशीब बघ तुझं. काल साकीनाक्याला आमच्या मावशींच्या भजनाला वाजवला, तो काढायचा राहिला. त्यांची पट्टी हीच." दोन टिचक्या मारल्या, बोट ठेवून ऐकलं. तबला सुरातच होता, हातोडी उचलावी लागलीसुद्धा नाही.

तानपुरा उतरवून घेतला आणि मी मुलतानी राग सुरू केला. कसा झाला ते मी सांगू नये. वरच्या षड्जावर पोहोचले तेव्हा तिथे जागा होती, एवढंच सांगते. मी तिथे थांबले. बाहेर आले तर बाईंचे डोळे ओले होते आणि कपाळावर आठीही होती. "हे आधी का नाही सांगितलंस गं? गेले तीन महिने गळा कशाला खरवडत बसलीस?" माझ्या मनात भीतीचा जो डोंगर होता तो त्यांच्यालेखी कुठे नव्हताच. निकाल लागला, मी पास झाले. पहिला वर्ग थोडक्यात हुकला, पण वर्ष पदरात पडलं, आणि जूनमध्ये एका शाळेत संगीतशिक्षिका म्हणून रुजूही झाले. आत्याची स्थळं काही काळ तरी आत्याकडेच राहिली.

ज्यांच्या पट्टीच्या तबल्याने माझी वेळ निभावली त्या मावशींना भेटायला, तबलजीकडून पत्ता घेऊन मी साकीनाक्याला गेले. दार उघडलं ते हिरव्या लुगड्यातल्या त्याच बाईंनी. मी पाया पडले, सगळं सांगितलं. त्या जरा ओशाळून म्हणाल्या, "खरा सांगू? माका काय्येक आठवणा नाय गो. माका दम लागलो की बाजूक असात तेचो हात धरतंय." मी आधी खट्टू झाले. ज्या एका क्षणावर माझं वर्ष उभं होतं तो त्यांच्या लक्षातही नव्हता. पण परतताना बसमध्ये वाटलं की हेच बरोबर आहे. देणाऱ्याने लक्षात ठेवलं असतं तर ते देणं त्याचं झालं असतं. त्यांनी फक्त धाप लागली म्हणून हात धरला होता. बाकीचं कुणी केलं ते मी ठरवत बसत नाही.

नवस फेडायचा होता. बाबांनी पुन्हा नारळ ठेवला, मावशींनाही बोलावलं होतं, चाळीतली माणसं जमली. बाबांनी डोळे मिटून सुरुवात केली, "गे आये माउली, तुज्याकडे माज्या चेडवाचो आवाज मागललो. काळी..." आणि थांबले. एक डोळा उघडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"तीन," मी म्हटलं.

गाऱ्हाण्याच्या शेवटी देवाला सांगायचं असतं की आमची ही वेडीवाकडी सेवा गोड मानून घे. बाबांनी या वेळी ते उलटं करून म्हटलं, "काळी पाचातलो मागललो, तू काळी तीनातलो दिलंस. तो आमी गोड मानून घेतलो."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले. त्यात या वेळी माझाही आवाज होता. मग मी तिच्या दारात उभी राहून कबूल केलेलं गाणं सुरू केलं, आणि दुसऱ्याच ओळीला माझा गळा असा भरून आला की पुढचा शब्द निघेना. मागे हात केला. मावशींनी तो धरला आणि ओळ पुढे नेली.