पिंपळापर्यंतची परीक्षा

मध्यप्रांतात कोणतं मूल पहिलीत बसवायचं आणि कोणतं आणखी वर्षभर घरी ठेवायचं, हे त्या काळी सरकार ठरवत नव्हतं; आमचे घरमालक ठरवत होते. सरकारचा समज वेगळा असेल, त्याला माझा इलाज नाही. जबलपुरातल्या मराठी घरांपुरतं तरी हे अक्षरशः खरं होतं, आणि ते कबूल करताना आजही माझ्या पोटात दुखतं. कारण मास्तरकी शिकवणाऱ्या नॉर्मल स्कूलची परीक्षा पास होऊन, मुलांच्या बुद्धीवर वहीभर टिपणं काढून, मराठी शाळेत पहिलीचा वर्ग शिकवत होतो तो मी. आणि जून लागला की पोरांची बोटं धरून आईबाप यायचे ते माझ्या दारावरून तसेच पुढे, घरमालकांच्या ओसरीवर. जाताना मला नमस्कार मात्र करायचे. त्या नमस्काराने मी आणखी जळायचो.

घरमालकांना सगळं नेपियर टाऊन काकाजी म्हणायचं. त्यांची सगळी नोकरी सरकारी कारखान्यात तोफगाड्यांची चाकं तपासण्यात गेली होती. लहानशा हातोडीने चाकावर ठोका द्यायचा, कान लावायचा आणि नुसत्या आवाजावरून ‘पास’ किंवा ‘रिजेक्ट’ सांगायचं. पेन्शन झाली तेव्हा हातोडी कारखान्यात जमा झाली, पण सवय कोणी जमा करून घेतली नाही. मग ते दोन बोटांनी ठोकून पाहू लागले. फणस, माठ, दरवाजे, टांग्याची चाकं आणि माणसं, सगळ्यांना एकच न्याय. मी दोन खोल्या भाड्याने मागायला गेलो तेव्हा त्यांनी मला पाठमोरं उभं केलं, खांद्यांच्या मधोमध दोन ठोके दिले, डोळे मिटून ऐकलं आणि म्हणाले, ‘‘बारीक चीर आहे जी मास्तर. पन चालून जाईन. कधी येता राहाले?’’ ती चीर कुठे आहे हे विचारायचं मला धाडस झालं नाही. बायकोने मात्र पुढची कित्येक वर्षं माझ्याशी भांडताना तिचा उपयोग केला.

एकदा आमच्या शाळेची तपासणी करायला डेप्युटी साहेब आले होते. काकाजी फाटकाशी उभे होते. साहेब टांग्यातून उतरून धोतर सारखं करत पाठमोरे वळले, एवढं निमित्त पुरलं. दोन ठोके पडले. आमच्या हेडमास्तरांचा चेहरा पांढराफटक झाला. काकाजी शांतपणे म्हणाले, ‘‘पक्का माल आहे. जाऊ द्या आत.’’ साहेबांना काय वाटलं कोण जाणे, पण तपासणीचा शेरा त्या साली उत्तम आला. माझ्या वर्गाच्या भिंतीवर मी महिनाभर जागून काढलेली चित्रं होती. हेडमास्तरांनी श्रेय दिलं काकाजींना.

मुलांची परीक्षा घेण्याची त्यांची रीत तर कोणत्याच पुस्तकात नव्हती. शाळेची रीत सोपी होती. बापाने मुलाचं वय सहा सांगायचं, पुरावा म्हणून ‘नर्मदेला पूर आला त्या साली झाला’ म्हणायचं, आणि मुलाने डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरून दाखवायचा. त्या एका पुरात निम्मं जबलपूर जन्मलेलं होतं. काकाजींना कानाची ही परीक्षा मुळीच मंजूर नव्हती. ‘‘कान हाती आला म्हनजे डोस्कं आलं काय जी?’’ ते विचारायचे. त्याऐवजी ते पळसाच्या पानावर खोव्याच्या दोन जिलेब्या मुलासमोर ठेवायचे आणि काही न बोलता वर्तमानपत्र उघडायचे. पोरगं आईच्या तोंडाकडे पाहू लागलं, तर अजून कच्चं. दोन्ही जिलेब्या खाऊन मोकळं झालं, तर बरं आहे, पण वर्गात दुसऱ्याची पाटी घेईल. ‘‘ह्या माह्या आहेत काय?’’ असं जे विचारायचं, ते पास. ‘‘ज्याले पुसता येते त्याले शिकवता येते,’’ असं म्हणून काकाजी स्वतः तिसरी जिलेबी खायचे.

दुसरी परीक्षा रडण्याची. आमची पोरं घरात मराठी आणि रस्त्यावर हिंदी बोलायची, तेव्हा कोणतं मूल कोणत्या शाळेत घालायचं हा आईबापांना मोठाच प्रश्न पडायचा. काकाजी मुलाला हलकेच चिमटा काढायचे आणि ते कोणत्या भाषेत ओरडतं ते ऐकायचे. ‘‘आई गं’’ म्हटलं की मराठी शाळा. ‘‘हाय अम्मा’’ म्हटलं की, ‘‘चलो, याले हिंदी शाळेत टाका भैया, नाही तर वरीसभर घरात मराठी बोला.’’ अधारतालहून आलेला एक मुलगा ‘‘बाप रे!’’ असं ओरडला. ते दोन्हीकडे चालतं. काकाजींनी निकाल आठ दिवस राखून ठेवला, आणि ते आठ दिवस मुलाच्या बापाचं कचेरीतल्या कामात लक्ष लागलं नाही.

मीही एक परीक्षा तयार केली होती. वीस प्रश्न, प्रत्येकाला गुण, तांबड्या शाईत आखलेला तक्ता. हेडमास्तरांनी तो दोन्ही बाजूंनी पाहिला, अक्षराची तारीफ केली आणि विचारलं, ‘‘काकाजींना दाखवला काय?’’ तक्ता मी फाडून टाकला नाही, ट्रंकेत ठेवला. अजून आहे.

शेवटची परीक्षा पिंपळाची. आमच्या घरापासून रस्ता जिथे वळतो तिथे एक पिंपळ होता. मुलाला ओसरीवर बसवायचं आणि आईने किंवा बापाने सरळ पिंपळापर्यंत चालत जाऊन त्याच्या आड उभं राहायचं. ‘‘मागं पाहाचं नाही बरं,’’ एवढीच ताकीद. काकाजी मूठभर शेंगा घेऊन सोलत बसायचे. शेंगा संपल्या की हाक मारायचे, आणि परत आलेल्या माणसाला निकाल सांगायचे. मी हे माझ्या खिडकीतून पाहायचो. आश्चर्य म्हणजे पोरं फारशी रडायचीच नाहीत. ती काकाजींच्या शेंगा सोलायला बसायची. तीच पोरं जुलैत माझ्या वर्गात आली की महिनाभर टाहो फोडायची आणि हुंदके देत म्हणायची, ‘‘काकाजीकडे जातो.’’ एका बाईंची मुलगी तर पूर्ण वेळ गाणं म्हणत बसली होती, तरी काकाजी बाईंना म्हणाले, ‘‘पुढच्या साली आना.’’ मला वाटलं, म्हातारा आता चळला. मला फार बरं वाटलं.

पण माझा खरा राग बाळूपायी होता. बाळू माझा एकुलता एक. त्याच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘काका’. बायको म्हणायची, सगळीच पोरं आधी का-का करतात. पण माझं समाधान झालं नाही. मी उठायच्या आधी तो ओसरीवर गेलेला असायचा. मी आणलेली लाकडी बैलगाडी कोपऱ्यात पडून राहायची आणि काकाजींनी दिलेला एक गंजका खिळा तो उशाशी घेऊन निजायचा. बाळू साडेपाचाचा झाला त्या उन्हाळ्यात हेडमास्तरांनी मला सांगितलं, ‘‘मास्तर, यंदा पहिलीच ठेवा, पुढल्या साली तुम्ही चौथी घ्या.’’ म्हणजे बाळूला याच जुलैत शाळेत घातलं, तर तो माझ्या वर्गात बसणार होता. पाटीवरचं त्याचं पहिलं अक्षर माझा हात धरून निघणार होतं. नाही तर ते दुसऱ्या कोणाच्या हातून. शेकडो मुलांचे हात मी धरले होते. एवढा एक हात मला हवा होता.

मी दोन महिने बाळूला घासलं. मुळाक्षरं, दहापर्यंत पाढे, दोन कविता. त्याला काकाजींकडे न्यायचंच नाही असं मी ठरवलं होतं, पण बायको म्हणाली, ‘‘सारं गाव त्यायले दाखवते, आन आपन त्यायच्याच घरात राहून नाही दाखवाचं? बरं दिसते काय?’’ हेडमास्तरांनीही विचारलंच. तेव्हा एका सकाळी मी बाळूला नवा सदरा घालून, जणू परगावाहून आलो आहोत अशा थाटात, ओसरीवर घेऊन गेलो.

पाढे कोणी विचारलेच नाहीत. जिलेबी समोर आल्यावर बाळूने रीतसर विचारलं. चिमटा काढल्यावर ‘‘आई गं’’ म्हणाला आणि स्वतःच हसला. मग काकाजींनी पिंपळाकडे बोट केलं. मी निघालो. रोजचाच तो रस्ता, शंभर पावलांचाही नसेल. अर्ध्यावर माझे कान मागे लागले. काही ऐकू येईना. पिंपळ हाताशी आला आणि मी वळून पाहिलं. बाळू काकाजींच्या गुडघ्याला टेकून शेंगा सोलत होता. माझ्याकडे त्याची पाठ होती.

काकाजींनी मला परत बोलावलं, बाळूला आत पाणी आणायला पाठवलं आणि विचारलं, ‘‘काहून पाहिलं जी मागं?’’

‘‘रडतो का ते पाहत होतो.’’

‘‘रडला?’’

‘‘नाही.’’

‘‘मंग तोंड काहून उतरलं?’’

उत्तर मला ठाऊक होतं. तो रडावा असं मला वाटत होतं. निदान एकदा उठून माझ्यामागे धावावा.

काकाजी टरफलं गोळा करत म्हणाले, ‘‘पोट्टा पक्का आहे मास्तर. त्याले कुठंबी बसवा. तुमीच कच्चे आहात. तुमच्या वर्गात बसला तर रोज त्याले तुमच्यासाठी रडावं लागन. एक वरीस थांबा. इतके साल मी पोरं नाही पाहून राहिलो जी, पिंपळाकडे जानाऱ्या पाठी पाहून राहिलो.’’

मी घर बदलायचं ठरवलं, मदन महालकडे दोन खोल्या पाहूनही आलो. बायकोने एकच विचारलं, ‘‘तुमी पाहिलं ना मागं?’’ मी हो म्हणालो. ती म्हणाली, ‘‘मंग?’’ जुलै लागला. बाळू घरी राहिला.

ते सगळं वर्ष खरं म्हणजे मीच शाळेत होतो. रोज सकाळी शाळेला निघताना मला पिंपळापर्यंत मागे न पाहता जायचं होतं आणि ओसरीवर माझे परीक्षक शेंगा घेऊन बसलेले असायचे. संध्याकाळी निकाल मिळायचा. ‘‘आज दोनदा.’’ ‘‘आज मान हालली, पन वळली नाही. अर्धा पास.’’ दिवाळीपर्यंत मी एकदावर आलो. संक्रांतीला तिळगूळ देताना काकाजी म्हणाले, ‘‘आठ दिवस झाले, एकदाबी नाही.’’ नॉर्मल स्कूलच्या निकालाच्या दिवशीही मला इतका आनंद झाला नव्हता. पुढच्या जुलैत बाळू पहिलीत बसला, नव्या मास्तरांच्या वर्गात. त्याचं पहिलं अक्षर त्यांचा हात धरून निघालं. ते मास्तर सज्जन होते आणि मी त्यांचा आजही हेवा करतो.

बाळू चौथीत, म्हणजे अखेर माझ्या वर्गात आला, त्या साली काकाजींचा पुतण्या त्यांना अमरावतीला न्यायला आला. गुडघे गेले होते, एकट्याने निभणं कठीण होतं. टांग्याच्या मागच्या बाजूला बसलं की तोंड आपसूक मागे होतं. म्हणून काकाजींनी तिथे ट्रंक ठेवायला लावली आणि स्वतः पुढे टांगेवाल्याजवळ बसले. ‘‘चलतो जी,’’ एवढंच म्हणाले. मी आणि बाळू ओसरीवर उभे राहिलो. शेंगा सोलायला कोणी नव्हतं. टांगा सरळ चालला, काकाजींची पाठ ताठ होती आणि मी मनातल्या मनात त्यांना गुण देत होतो.

पिंपळाशी टांगा वळायला लागला आणि काकाजी सगळे मागे वळले. ट्रंकेवर हात टेकून त्यांनी आमच्याकडे पाहिलं, दुसरा हात वर केला आणि टांगा दिसेनासा होईपर्यंत तो खाली घेतला नाही.

बाळू आता मोठा झाला आहे. तो हात त्याच्यासाठी होता असं तो म्हणतो. त्यावरून आमचं अजून भांडण होतं. त्याला सगळंच मिळालं होतं, जिलेबी, खिळा, ओसरी. तो हात माझा होता.