मोबाईलपुढे धरलेला पाय

उजवा गुडघा बदलायला टेबलावर घेतलं तेव्हा मी एकच घोकत होते, देवा, शिलाईमशीनवर परत बसता येऊ दे. उल्हासनगरच्या जीन्स कारखान्यात शेठने माझी जागा दोन महिने राखायचं कबूल केलं होतं. पण गुडघा काटकोनात वाकल्याशिवाय पाय मशीनच्या पायट्यावर बसत नाही.

ऑपरेशन शिबिरातून, फुकट झालं. डॉक्टरांनी पडद्यावर माझंच हाड दाखवलं होतं. "मावशी, कुठे किती कापायचं ते कॉम्प्युटर आधीच ठरवतो. केसभर चूक नाही." ते खोटं नव्हतं. वर्षानुवर्षांची आतली ठणक गेली. माणदेशातून आलेली, सातवीत शाळा सोडलेली बाई मी. माझ्यासाठी एवढं कोण करतं?

घरी येऊन व्यायाम करून घ्यायला शिबिराकडे माणूस नव्हता. त्यांनी माझ्या मोबाईलमध्ये ॲप घालून दिलं. रोज कॅमेऱ्यापुढे पाय वाकवायचा, किती वाकला ते ॲप सांगणार. अंबरनाथच्या खोलीत तांदळाच्या डब्याला मोबाईल टेकवून मी बसायचे. अशी कळ यायची की आकडा साठ अंशांपुढे सरकेना. "आणखी थोडा प्रयत्न करा," मोबाईल म्हणायचा. डॉक्टर काय म्हणतील? फुकटात एवढं केलं, आणि बाई निघाली आळशी!

चौथ्या दिवशी मी उलटीकडे तोंड करून बसले आणि मोबाईलपुढे डावा पाय वाकवला.

"शाब्बास, ताई!" मोबाईल म्हणाला.

शेजारीण दारातून बघत होती. "अगं बये, हा तर धड पाय!"

"त्याला कुठं कळतंय," मी म्हटलं. दोघी पोट धरून हसलो.

दीड महिना तेच. तपासणीला डॉक्टर आधी पडद्यावर ॲपचे आकडे बघून खूश झाले. मग त्यांनी गुडघ्याला हात लावला. पासष्टच्या पुढे तो हलेना.

"मावशी, दुखतंय?"

"नाही साहेब. तुमची कृपा."

त्यांनी हात काढला नाही. "रोज कोणता पाय दाखवत होता?"

मी खाली बघत सांगितलं. ते रागावले नाहीत, तेच जास्त लागलं. एकदा कुणी माणसाने हात लावला असता तर पहिल्याच आठवड्यात मी सापडले असते. पण हे त्यांना कुठल्या तोंडाने सांगू? आता भूल देऊन गुडघा वाकवायचा, आणि वर महिनाभर घरी.

तो महिना मागायला शेठकडे गेले. दोन महिने भरायच्या आधीच माझ्या मशीनवर दुसरी बाई बसली होती. "मौसी, तुम्हारा गुडघा ठीक होने तक ऑर्डर थांबेगा क्या?"

मी त्यालाही 'मेहरबानी' म्हणाले आणि लंगडत जिना उतरले.