सरांचा ऑलिंपिकवाला

आमच्या कॉलेजच्या जिमखान्याच्या सरांनी आयुष्यात कुणाचा चेहरा नीट पाहिला असेल, असं मला वाटत नाही. ते माणसाच्या पोटऱ्या बघत. नगरला मी तर्कशास्त्र शिकवायला रुजू झालो, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळ्यांनी माझं नाव-गाव विचारलं. सरांनी मला पाठमोरं उभं केलं, पँट वर ओढायला लावली आणि "वाया गेलं" एवढंच म्हणाले. पुढं आम्ही शेजारी झालो, चहाला एकमेकांकडे जाऊ लागलो, तरी रस्त्यात समोरून आलो तर ते मला ओळखतीलच याची खात्री नसे. पाठमोरा असलो की मात्र लांबून हाका मारत.

सर जामखेडकडचे, घराणं पैलवानांचं. नगर जिल्ह्यातून ऑलिंपिकला एक तरी खेळाडू पाठवायचा, हा त्यांचा पण. त्यात म्युनिकच्या ऑलिंपिकचं साल उजाडलं आणि सरांचा उरलासुरला तोलही गेला. राहात्याच्या बाजारात एकानं माझं पाकीट मारलं आणि धूम ठोकली. सर त्याच्यामागं सुटले. त्याला त्यांनी बाजाराच्या पार टोकाला गाठलं, तेव्हा मी धापा टाकत पोचलो. पाकीट त्याच्या हातातच होतं, आणि सर त्याच्या खांद्यावर हात टाकून मायेनं विचारत होते, "मॅट्रिक झालायस का?" तो नापास निघाला याचं सरांना जेवढं वाईट वाटलं, तेवढं मला पाकीट गेलं असतं तरी वाटलं नसतं. नागापूरच्या एका कारखान्यातून त्यांनी गोळाफेकीचा गोळा ओतवून आणला. तो इतका जड झाला की पोरं तो फेकण्याऐवजी ढकलतच राहिली, आणि शेवटी प्राचार्यांचं दार वाऱ्यानं आपटू नये म्हणून तो तिथं लावावा लागला. माझ्यासाठी मुलगी बघायला गेलो तेव्हा वडीलधारे म्हणून सरच बरोबर होते. मुलगी पोहे घेऊन आली आणि आत गेली. बाहेर पडल्यावर मी त्यांचं मत विचारलं, तर म्हणाले, "उंबरा कसा वलांडला बघितला का? अडथळ्याची शर्यत मारंल ही." बायकोला हे मी लग्नानंतर सांगितलं. तिला त्याचा अजून अभिमान आहे.

सरांचा दुसरा हट्ट म्हणजे ताठ चालणं. ते कुणापुढं वाकत नसत. संस्थेचे अध्यक्ष आले की आम्ही रांगेनं पायांवर डोकी ठेवत असू. सर खाडकन सलाम ठोकत, आणि मैदानाच्या मागण्या का मंजूर होत नाहीत याचं नवल करत. आमच्या दाराची चौकट बुटकी. सर आले की आधी कपाळाचा आवाज यायचा आणि मग सर. माझी बायको रोज म्हणे, "वाकून या हो, भाऊजी." त्यावर त्यांचं ठरलेलं उत्तर असे, "वाकायची सवय पायात उतरती, वहिनी." त्यांच्या मते सगळंच शेवटी पायात उतरायचं. जास्त चहा, बापाचा धाक, रात्रीचं जागरण, सगळं. अखेर तिनं चौकटीला जुन्या लुगड्याची जाड घडी ठोकून टाकली.

नरसू त्यांना सापडला तो विणकर आळीत. तिथं सकाळी रस्त्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत साड्यांचं सूत ताणून ठेवत, खळ लावत. मधे धागा तुटला की पोरांनी धावत जाऊन गाठ मारायची, तोवर दुसऱ्या टोकाला तुटायचा. नरसूचं सगळं लहानपण असं पळण्यात गेलेलं. सरांनी त्याच्या पोटऱ्या पाहिल्या आणि तिथंच ओट्यावर बसकण मारली. पोरगा आमच्याच कॉलेजात पहिल्या वर्षाला होता, हे कळल्यावर तर त्यांनी मला मिठी मारली.

नरसूच्या वडिलांना पळण्याचं कौतुक नव्हतं. त्यांना मागावर माणूस हवा होता. सरांनी महिनाभर त्यांचा पिच्छा पुरवला, तेव्हा एवढं कबूल झालं की पुण्याच्या स्पर्धेत पोरगा पहिला आला आणि विद्यापीठाच्या संघात गेला, तर पुढं शिकेल. नाही तर माग. त्या दिवसापासून सरांनी त्याला असा घडवला की काही विचारू नका. दुष्काळामुळं मैदानावर मारायला पाणी नव्हतं, म्हणून फुफाट्यात पळवला. स्वतःच्या घरचं दूध त्याला पाजलं आणि सरांच्या घरी कोरा चहा सुरू झाला. चुन्याच्या रेघेवर सुरुवात, चुन्याच्या रेघेवरच शेवट, असा सराव रोज चाले.

पुण्याला मॅनेजर म्हणून त्यांनी मला नेलं, कारण तर्कशास्त्राचा माणूस पंचांशी भांडायला बरा. शर्यतीपर्यंत नरसूला त्यांनी एका खोलीत पाय भिंतीला लावून, तोंडावर पांघरूण घालून झोपवलं. दुसऱ्यांचं पळणं बघितलं की भीती पायात उतरते म्हणे. मग नरसू धावला. काय धावला तो! शेवटच्या फेरीला बाकीचे बरेच मागं पडले होते. सर मैदानाच्या कडेनं त्याच्या बरोबरीनं पळत होते. पहिल्यांदाच मलाही वाटलं, हा माणूस खरंच ऑलिंपिकला पोरगा पाठवणार.

शेवटच्या रेघेवर दोन पंच पांढरं सूत ताणून उभे होते. नरसू तिथवर आला आणि थांबला. सूत दोन बोटांनी अलगद उचललं आणि खालून वाकून पलीकडे जाऊ लागला. तेवढ्यात मागचा भिडू छातीनं सूत तोडून निघून गेला.

सर गर्जत गेले आणि त्याचा दंड धरला. नरसू घाबरून एवढंच म्हणाला, "सर, ताणलेलं सूत हुतं. ते कसं तोडायचं?" सरांचा हात सैल झाला. त्या दिवशी त्यांनी त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मी पंचांशी भांडायला निघालो होतो, तर मला म्हणाले, "राहू द्या."

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिघं विणकर आळीत गेलो. वडिलांची समजूत घालायची, एक वर्ष आणखी मागून घ्यायचं, असं सर एसटीत सारखं घोकत होते. आळीच्या तोंडाशीच सूत आडवं ताणलेलं होतं. नरसू सवयीनं खालून गेला, मीही गेलो. सर उभे राहिले. अध्यक्षांपुढं न वाकलेला तो माणूस गुडघ्यांवर हात ठेवून हळूहळू वाकला आणि सुताला केसही न लागू देता पलीकडे आला.

वडिलांनी सगळं ऐकून घेतलं. सर म्हणाले, "तुमचं वळण पोराच्या पायात उतरलंय. मला ते दिसलं न्हाई." वडिलांनी सरांना चहा दिला, नरसूच्या पाठीवरून हात फिरवला आणि ठरल्याप्रमाणं त्याला मागावर बसवलं. एक वर्ष मागायला आलेले सर तो शब्द न काढताच उठले.

त्यानंतर मैदानावर रोज संध्याकाळी शेवटच्या रेघेला सूत ताणलं जाई. ते टाकाऊ सूत नरसूच आणून देई. पोरं छातीनं ते तोडत, आणि नरसू कुंपणाशी उभा राहून दर वेळी डोळे मिटून घेई. सरांच्या हातून ऑलिंपिकवाला काही निघाला नाही. आमच्या दारात मात्र ते शेवटपर्यंत ताठच येत राहिले, आणि चौकटीला घडी असूनही बायको हळद घेऊन धावत राहिली.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. चौकटीवरची ती लुगड्याची घडी विटली आहे, सुतंही निघाली आहेत. परवा मुलगा ती काढायला स्टुलावर चढला, तर बायकोनं त्याला खाली उतरवलं.