सरकतं वजन

कुठलीही वस्तू हातात आली की अण्णा ती आधी एका बोटावर आडवी ठेवून तोलून बघत. घरातला डाव, माझी नवी छत्री, एकदा तर लग्नाच्या पंगतीत वाढप्याच्या हातातला सांबाराचा पळा. वाढपी ताटकळत उभा, मागची पंगत खोळंबलेली, आणि हे पळा बोटावर स्थिर करण्यात गुंग. तो स्थिर झाला की त्या जागी नख टेकवून म्हणत, "इथं हाय बघा ह्याचा जीव." आणि मग हमखास, "स्वल्प सरकवायला पाहिजे."

अण्णा म्हणजे राजाजीनगरातले माझे घरमालक. त्यांचं घराणं काही शतकांपूर्वी इकडे कानडी मुलखात येऊन राहिलेलं, त्यामुळे त्यांच्या मराठीत कन्नड इतकी मुरली होती की पहिला महिनाभर मी नुसताच अंदाजाने मान डोलवत होतो. मी मिरजेचा. इलेक्ट्रॉनिक सिटीतल्या एका कंपनीत कॉम्प्युटरवर यंत्रांच्या भागांची ड्रॉइंग काढतो. अण्णांचा जन्म विमानांच्या सरकारी कारखान्यात बॅलन्सिंगच्या खात्यात गेला होता. गरगर फिरणारा भाग थरथरला तर त्याचं वजन कुठे चुकलंय ते शोधायचं आणि तिथून थोडं काढायचं किंवा समोर थोडं चढवायचं. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ती निवृत्त होतात, पण खातं काही सोडत नाहीत.

माझ्या खोलीतला पंखा डुगडुगायचा. अण्णा न बोलावता स्टूल घेऊन वर आले, पात्यावर चिकटपट्टीने एक वॉशर लावला, उतरून बघितलं, पुन्हा चढून तो बोटभर सरकवला. पंखा गप्प झाला. मंडईतून येताना भाजीच्या दोन पिशव्या सारख्या वजनाच्या नसतील तर ते रस्त्यात थांबून कांदे इकडचे तिकडे करत. त्यांच्या पत्नी, म्हणजे अक्का, तोवर चार पावलं पुढे जाऊन ह्या गृहस्थाशी आपला संबंध नाही अशा चेहऱ्याने उभ्या राहत.

अशा माणसाला गोल्फचा नाद लागावा यात नवल नव्हतं. मला स्वतःला तो खेळ कळत नाही आणि आवडतही नाही. पण अण्णांनाही खेळाशी देणंघेणं नव्हतं. कारखान्याच्या मैदानावर ते रविवारी सकाळी सरावाच्या जागी उभे राहत आणि एकाच जागेवरून चेंडू मारत. त्यांचा जीव अडकला होता स्टिकच्या हेडमध्ये, म्हणजे चेंडूला लागणाऱ्या त्या पोकळ ठोकळ्यात. भाच्याने परदेशातून एक स्टिक आणून दिली होती. तिच्या हेडमध्ये एक छोटं वजन होतं आणि ते स्क्रू सैल करून हलवता येई. वजन दांड्याच्या बाजूला आणलं की चेंडू डावीकडे वळायचा, हेडच्या बाहेरच्या टोकाकडे नेलं की उजवीकडे. ज्याच्या फटक्यात जी खोड असेल तिच्यावर हा उतारा. पण वजन बसवायला जागा तीनच होत्या, आणि त्यावरून अण्णांचा पारा चढला.

"तीनच? माणसं काय तीनच जातीची असतात काय हो?" त्यांनी मला विचारलं, जणू ती स्टिक मीच बनवली होती.

मग त्यांनी स्वतःचं हेड बनवायला घेतलं. संध्याकाळी मी ऑफिसातून दमून यायचो आणि अण्णा जिन्यातच उभे असायचे. त्यांनी सांगायचं, मी ड्रॉइंग काढायचं. मागच्या बाजूने एक लांब वाकडी खाच, तिच्यात अंगठ्याच्या नखाएवढा टंगस्टनचा तुकडा, आणि तो खाचेत कुठेही घट्ट करता येईल अशी सोय. ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये हेडं बनत, अण्णा ती नापास करत, पुन्हा बनत. वर्षभराने एक पास झालं; अण्णा म्हणाले, "सरी हाय," म्हणजे बरोबर आहे. त्या दिवशी अक्कांनी चिरोटी केली होती आणि हेड देवापुढे ठेवून त्याला कुंकू लावलं होतं. अण्णांनी आधी कुंकवानं वजन वाढेल म्हणून कुरकुर केली आणि मग नमस्कार केला.

पहिल्या रविवारी वजन बरोबर मधोमध होतं आणि चेंडू सरळ गेला. मी तो बघितला आहे, म्हणून सांगतो, सुतासारखा गेला. अण्णांचा चेहरा त्या दिवशी जसा होता तसा मी पुन्हा कधी पाहिला नाही.

काही आठवड्यांनी चेंडू उजवीकडे जायला लागला. अण्णांनी किल्ली काढली, वजन दांड्याकडे जरा सरकवलं. चेंडू सरळ. पुढच्या महिन्यात पुन्हा उजवीकडे, पुन्हा थोडं सरकवलं, पुन्हा सरळ. कधी मुठीचं रबर झिजलंय म्हणाले, कधी दांडा नरम पडलाय. मला तर त्यात कौतुकच वाटे. तीन जागांच्या स्टिकने हे कुठे जमणार होतं?

त्याच दिवसांत अण्णांच्या हातून कॉफीचा लोटा, म्हणजे इकडचा स्टीलचा पेला, निसटायला लागला. त्यांनी लोटा बोटावर तोलला, बुडाला हलका आहे असा निकाल दिला आणि अक्कांना जड बुडाचे लोटे आणायला लावले. अक्कांनी आणले. सदऱ्याची बटणं लागेनात, तेव्हा दोष शिंप्याला गेला.

एका रविवारी वजन खाचेच्या पार कडेला, दांड्याला चिकटून होतं. आणखी सरकायला जागा उरली नव्हती. चेंडू मात्र सरळ जात होता आणि अण्णा खुशीत होते. शेजारी सराव करणारे हवाई दलातले एक निवृत्त विंग कमांडर कुतूहलाने आले आणि मारून बघू का म्हणाले. अण्णांनी मोठ्या तोऱ्यात स्टिक दिली.

विंग कमांडरांचा चेंडू थेट डावीकडच्या झाडांत गेला. दुसराही तिथेच. ते चांगले खेळणारे होते, त्यांना स्वतःचाच राग आला, त्यांनी सावरून आणखी मारले. सगळे डावीकडे. शेवटी ते अवघडून म्हणाले, "सर, आपके हाथ में तो सीधा जा रहा था."

बाकी कुणाला यातून काही कळलं नसतं. पण या माणसाने आयुष्यभर हेच तर केलं होतं. एका बाजूला किती वजन चढवावं लागलं त्यावरून मूळची खोट किती आहे ते ओळखायचं. अण्णांनी स्टिक परत घेतली नाही. त्यांनी दोन्ही हात पुढे धरले, उपडे, एकमेकांशेजारी. उजव्या हाताच्या अंगठ्याशेजारचा मांसल भाग आत गेला होता, तिथे खळगा पडला होता. इतके महिने मी त्या हाताशेजारी उभा होतो आणि खाचेकडे बघत होतो.

"स्टिक नाही हो," अण्णा हळूच म्हणाले. "मीच."

रुग्णालयात अक्कांबरोबर मीही होतो. स्नायूंना हुकूम पोचवणाऱ्या नसाच मरत चालल्या आहेत, डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. आज हात, उद्या पाय, मग बोलणं, गिळणं, श्वास. बरं करणारं औषध नाही. अक्कांनी विचारलं की आम्ही आधी आलो असतो तर? डॉक्टरीणबाईंनी खरं ते सांगितलं, की फार फरक पडला नसता. अक्कांना त्या उत्तराने जरा धीर आला. अण्णांना नाही आला. बाहेर आल्यावर ते म्हणाले, "म्हणजे तेव्हा पण काय करता येत नव्हतं."

मला वाटलं होतं, आता ते स्वतःसाठी काहीतरी बनवतील. जड दांड्याचा चमचा, हाताला बांधायचं काही. मीच एक ड्रॉइंग काढून खाली घेऊन गेलो. त्यांनी ते नीट बघितलं, चांगलं आहे म्हणाले आणि घडी करून माझ्या खिशात ठेवायला गेले. ते त्यांना जमेना. मी त्यांच्या हातातून ते काढून घेतलं. पुन्हा मी काही काढलं नाही.

दुसऱ्या उन्हाळ्यापर्यंत ते खुर्चीतच असत आणि त्यांचं बोलणं फक्त अक्कांना कळे. अण्णा गेले त्याच्या थोडं आधीची गोष्ट. त्यांनी अक्कांकरवी मला बोलावलं. वजन मध्ये आणा आणि स्टिक विंग कमांडरांना द्या, असा निरोप होता. मी त्यांच्यासमोर जमिनीवर बसलो, स्क्रू सैल केला. वजन दांड्याकडून मधोमध सरकवायला मला एक क्षणही लागला नाही. जे अंतर त्यांनी इतक्या महिन्यांत, थोडं थोडं करत कापलं होतं ते मी अंगठ्याने पुसून टाकलं. ते बघत होते. मला फार वाईट वाटलं, आणि ते लपवायला मी स्क्रू गरजेपेक्षा जास्त वेळ आवळत बसलो.

रविवारी विंग कमांडरांनी चेंडू मारला. तो सरळ गेला, खूप लांब. त्यांनी टोपी काढली.

मी घरी आलो तेव्हा अक्का अण्णांना मऊ भात भरवत होत्या. मी सांगितलं, "सरळ गेला अण्णा. अगदी सरळ."

अण्णांनी काहीतरी म्हटलं. मला कळलं नाही, मी अक्कांकडे बघितलं.

"म्हणतात, स्टिक सरी होती," अक्का म्हणाल्या. मग पदराने त्यांच्या हनुवटीवरचा भात पुसला आणि पुढचा घास कालवायला घेतला.