बाजूच्या सीटवरचे मास्तर

शिकणारा एका सीटवर बसतो आणि शिकवणारा दुसऱ्या. अडतीस वर्षं मास्तर त्या दुसऱ्या सीटवर बसले. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत त्यांच्या पायाशी एक जादा ब्रेक होता, एक जादा क्लच होता आणि डोळ्यांसमोर एक जादा आरसा. बाकी सगळं शिकणाऱ्याच्या हातात. शिकणारा गांगरला की मास्तरांचा पाय हळूच दाबला जायचा, गाडी थांबायची आणि शिकणाऱ्याला वाटायचं, वा, थांबवली की आपण. हा गैरसमज मास्तरांनी कधी कुणाचा दूर केला नाही. त्यातच निम्मं शिक्षण आहे, असं ते म्हणत.

चेहरे त्यांच्या लक्षात राहत नसत, पाय राहत. रस्त्यात कुणी थांबून ओळखलंत का म्हणून विचारलं, की ते आधी खाली बघायचे. उचललेली टाच दिसली की म्हणायचे, अर्धा क्लच, सकाळी साडेसातची बॅच. समोरचा माणूस खूश होऊन जायचा. आपलं नाव मास्तरांना आठवलं नाही, हे घरी पोहोचेपर्यंत त्याच्या लक्षात येत नसे.

एवढ्या मोठ्या मास्तरांच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार होता. गल्ली ज्यांना मास्तरीणबाई म्हणायची त्या त्यांच्या बायकोला गाडी येत नव्हती. त्या कपड्यांच्या कारखान्यात कटर होत्या. कापडाचे चाळीस थर एकावर एक रचायचे आणि विजेच्या पात्याने एका दमात कापायचे. वरच्या आणि खालच्या थरात केसाचाही फरक पडायचा नाही. असा हात असलेल्या बाईला गाडी शिकवणं काय कठीण? लग्नाच्या पहिल्याच वर्षी मास्तरांनी त्यांना मोकळ्या मैदानावर नेलं आणि दहाव्या मिनिटाला त्यांच्यावर ओरडले. परक्या माणसाने गाडी खांबावर नेली तरी ज्यांचा आवाज चढत नसे, ते मास्तर ओरडले. मास्तरीणबाईंनी गाडी नीट बंद केली, किल्ली त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "या गाडीत एक तर नवरा बसेल, नाहीतर मास्तर. दोघं एकदम मला झेपायचे नाहीत." मग त्या चालत घरी आल्या. तो विषय घरात पुढे विनोद म्हणून निघायचा. विनोद अर्थातच मास्तरीणबाईंनी करायचा आणि मास्तरांनी हसायचं.

मास्तरांचं स्वप्न त्यांच्या पस्तिशीतलं. एका लाल सिग्नलला त्यांच्या शेजारी एक जर्मन कूपे येऊन उभी राहिली. गडद निळी, लांबलचक, दोनच दारांची. चारही काचा खाली होत्या आणि पुढच्या नि मागच्या खिडकीच्या मधे खांबच नव्हता. नुसती एक मोकळी लांब जागा, आणि तिच्यात एक माणूस आणि एक बाई कशाचीच घाई नसल्यासारखी बसलेली. सिग्नल हिरवा झाला. कूपे आवाज न करता निघून गेली. मास्तरांची विद्यार्थिनी गाडी बंद पाडून बसली होती, मागचे हॉर्न वाजवत होते, आणि आयुष्यात पहिल्यांदा मास्तरांना काही ऐकू आलं नाही. संध्याकाळी त्यांनी बायकोला सांगितलं, एक दिवस तशी गाडी घ्यायची, चारही काचा खाली करायच्या आणि तलावाच्या गोल रस्त्यावरून दोघांनी हिंडायचं. पाळण्यात मुलगी होती. मास्तरीणबाईंनी विचारलं, दोन दारांच्या गाडीत ही कुठून चढणार? प्रश्न बिनतोड होता. स्वप्न घडी करून ठेवलं गेलं.

मुलगी मोठी झाली, नोकरीसाठी दूर गेली. मास्तर निवृत्त झाले, मास्तरीणबाईही. तेव्हा एके दिवशी गॅरेजवाल्या मिस्त्रींनी सहज बातमी दिली, की एक म्हातारे दंतवैद्य आपली जुनी जर्मन कूपे विकतायत. रंग? गडद निळा. मास्तरांच्या चेहऱ्याकडे बघून मिस्त्रींना आपण काय करून बसलो ते कळलं. मग ते तासभर समजावत राहिले: हा पांढरा हत्ती आहे मास्तर, सत्तावीस वर्षांची गाडी, वायरला हात लावला तर वरच्या आवरणाचा भुगा होतो, काचांच्या मोटारी रुसलेल्या, पार्ट मागवला तर दोन महिन्यांनी येतो आणि येतो तोही भलत्याच मॉडेलचा. मास्तरांचे विद्यार्थी जशी मान डोलवत तशी मास्तर मान डोलवत राहिले. पालथ्या घड्यावर पाणी.

दंतवैद्य किल्ली घेऊन फाटकाशी उभे होते. मास्तर गाडीभोवती एक फेरी मारून आत जाऊन बसले. लांब दार जड, दबक्या आवाजात मिटलं. इंजिन सुरू झालं आणि खांद्यामागून एक बारीकसा यांत्रिक हात पुढे सरकला. त्या हातात सीटचा पट्टा होता. घ्या, लावा, असं म्हणत असल्यासारखा तो थांबून राहिला. पट्टा लावा हे वाक्य दिवसातून वीसदा म्हणण्यात ज्या माणसाचा जन्म गेला, त्याच्यापुढे गाडीच न सांगता पट्टा धरत होती. गाडी निघाली. मास्तर हळूच म्हणाले, आरसा. दंतवैद्यांनी आरशात पाहिलं. मास्तर म्हणाले, इंडिकेटर. दंतवैद्यांनी इंडिकेटर दिला. चाळीस वर्षं गाडी चालवलेला तो माणूस वळणावळणाला मास्तरांचं ऐकत गेला. फेरी संपल्यावर मास्तरांनी सांगितलं, की तुमचा हात चांगला आहे, वळणावर जरा घाई करता. आणि गाडी मी घेतली.

घरी आल्यावर मास्तरीणबाईंनी विचारलं, चालवायला कशी आहे? पाण्याचा पेला हातात धरून मास्तर उभेच राहिले. त्यांनी गाडी चालवलीच नव्हती. अडतीस वर्षांच्या सवयीने पाय आपसूक बाजूच्या दाराकडे गेले होते आणि ते तिथेच बसून सौदा करून आले होते. मास्तरीणबाई हसत हसत खाली बसल्या. म्हणाल्या, उंटावरून शेळ्या हाकायची सवय जाते कुठे.

हौसेला मोल नसतं असं म्हणतात, आणि म्हणणाऱ्यांकडे बहुधा जुनी जर्मन गाडी नसते. पहिले चार महिने कूपे मिस्त्रींकडेच जास्त राहिली. एकदा मागची काच खाली गेली ती वर येईना, मग मास्तर तीन दिवस तिथे पुठ्ठा लावून हिंडले. पण ज्या दिवशी चारही काचा एकदम खाली गेल्या, त्या दिवसापासून दोघं पहाटे तलावावर जाऊ लागली. रस्ता पाण्याच्या कडेकडेने गोल जातो. उजाडायच्या बेतात असतं, पाणी कुठे संपतं आणि धुकं कुठे सुरू होतं ते कळत नाही. या खिडकीतून वारा आत यायचा आणि त्या खिडकीतून निघून जायचा, मधे त्याला अडवायला काहीच नव्हतं. मास्तरीणबाई केसांतल्या पिना काढून मांडीवर ठेवायच्या. गाडी चालते आहे की तलावच सावकाश फिरतो आहे, असं मास्तरांना वाटायचं, आणि त्या सहा-सात मैलांत त्यांना कसलंही वय नसायचं. एकच गोष्ट त्यांना खुपायची. गाडीला गिअर आपोआप पडत होते, त्यामुळे डाव्या पायाला काम नव्हतं, आणि स्टिअरिंगमागे बसून त्यांना सारखं वाटायचं, की आपण कुणाच्या तरी जागेवर बसलो आहोत.

मग हिवाळ्यात कूपेचं लांब दार फाटकाला घासलं. मास्तरांनी फाटकाला बोल लावला. पुढे बाजूने येणारी माणसं एकदम समोर उगवू लागली. एका पहाटे एक सायकलवाला हातभर अंतरावरून वाचला. मास्तरांनी त्याला पाहिलंच नव्हतं. मागून त्याची शिवी ऐकू आली तेव्हा कळलं. मास्तरीणबाईंनी पाहिलं होतं. त्या मांडीवरच्या पिना मुठीत घट्ट धरून बसल्या. दुसऱ्या दिवशी मास्तर एकटेच डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेले.

तिथे एका खोक्यात डोकं घालून बसायचं आणि प्रकाशाचा ठिपका दिसला की बटण दाबायचं. मास्तरांनी फार कमी वेळा बटण दाबलं. डॉक्टरीणबाई कागद घेऊन समोर बसल्या, आणि मास्तरांनी सवयीने खाली पाहिलं. उचललेली टाच. संध्याकाळी सहाची बॅच, आरशात न बघणारी. त्यांनीही मास्तरांना ओळखलं होतं. काचबिंदू आहे, त्या म्हणाल्या. बाजूची नजर गेली ती परत येणार नाही, राहिली आहे ती थेंब घातले तर टिकेल. मग त्यांनी कागद पालथा ठेवला. "मास्तर," त्या म्हणाल्या, "इंडिकेटर द्या आणि गाडी बाजूला घ्या." वाक्य मास्तरांचंच होतं. हजारो लोकांना त्यांनी ते शिकवलं होतं.

घरी त्यांनी ताकास तूर लागू दिली नाही. बॅटरी उतरली आहे, पार्ट यायचा आहे, असं सांगून गाडीवर कापड घातलं. थेंबांची बाटली गाडीच्याच पुढच्या कप्प्यात लपवली. सकाळ-संध्याकाळ कापडाखाली शिरायचं, बाजूच्या सीटवर बसायचं, थेंब घालायचे आणि डोळे पुसून बाहेर यायचं. आपण लबाडी करतो आहोत हे त्यांना कळत होतं. पण गाडी चालवता येत नाही हे एकदा तोंडाने म्हटलं, की मग आपण कोण उरतो? महिनाभराने त्यांनी मिस्त्रींना गाडीसाठी गिऱ्हाईक बघायला सांगितलं. मिस्त्री एकदाही म्हणाले नाहीत, की मी सांगत होतो. माणूस भला.

गिऱ्हाईक यायचं त्या सकाळी मास्तर दाढी करून तयार होऊन बाहेर आले, तर गाडीवरचं कापड घडी करून पायरीवर ठेवलेलं. मास्तरीणबाई स्टिअरिंगमागे बसल्या होत्या.

"मिस्त्रींना नको म्हणून कळवलंय," त्या म्हणाल्या. "आणि थेंब कप्प्यात ठेवत जाऊ नका, उकाड्यानं खराब होतात. फ्रिजमध्ये ठेवलेत."

"तुला कधी कळलं?"

"चहाचा कप उचलायला तुम्ही अख्खी मान वळवायला लागलात तेव्हा. चाळीस थर कापणारी बाई आहे मी. बसा. मला शिकवा."

"एकसष्टाव्या वर्षी?"

"तुमच्या बॅचला वयाची अट होती का?"

मास्तर दाराला धरून उभे राहिले. "मी ओरडेन," ते म्हणाले.

"मास्तर कुणावर ओरडल्याचं मी आजवर ऐकलं नाही. ओरडला तो नवरा. त्याला घरी ठेवून या."

मास्तर अंगणात उभे राहून रडले. दाढी केलेली, इस्त्रीचा शर्ट घातलेला, आणि खुशाल रडले. मग ते वळसा घालून आले आणि बाजूच्या सीटवर बसले. खांद्यामागून हात पुढे आला. मास्तरीणबाईंकडेही आला. "ही तर आग्रहानं वाढते," त्या म्हणाल्या.

कूपेच्या चकचकीत मागच्या काचेवर मास्तरांनी स्वतःच्या हाताने शिकाऊंचा लाल 'एल' चिकटवला. ते बघून मिस्त्रींनी कपाळाला हात लावला. तीन महिने मैदानावर शिकवणी चालली. नवरा खरोखरच घरी राहिला. एकदोनदा डोकावला तेव्हा मास्तरीणबाईंनी गाडी थांबवून त्याला परत धाडलं. आणखी एक अडचण होती ती पायाची. कूपेला बाजूला ब्रेक नव्हता, पण मास्तरांचा पाय ऐकेना. वळण आलं की तो गालिचा दाबायचा. तिथली लव महिन्याभरात झिजली. मास्तरीणबाई त्याकडे बघून म्हणायच्या, गाडीला भोक पाडू नका, खालचा रस्ता दिसेल.

पक्कं लायसन्स आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे दोघं तलावावर गेली. चारही काचा खाली होत्या. यावेळी पिना केसांतच होत्या, कारण हात मोकळे नव्हते. मास्तर म्हणाले, आरसा. पण तोवर मास्तरीणबाईंनी तो पाहिलेला होता. म्हणाले, इंडिकेटर, तो टिकटिकत होता. मग मास्तरांना सांगायला काही उरलं नाही. पाण्याचा वास येत होता. बाजूचं त्यांना दिसत नव्हतंच, समोरचं धुकं तेवढं दिसत होतं. त्यांना वाटलं, आपलीच जागा ही. पस्तिशीत त्या सिग्नलला जे दिसलं होतं त्यातही आपण इथेच बसलेलो होतो, फक्त तेव्हा ओळखलं नव्हतं.

आणि त्या सीटवर बसून अडतीस वर्षांत जे एकदाही केलं नव्हतं ते त्यांनी केलं. त्यांनी डोळे मिटले.

गाडी चालत राहिली. अंगाखालचा रस्ता त्यांना पाठ होता. बांधाच्या पुढचं मोठं वळण जवळ आलं तसा त्यांचा पाय झिजलेल्या गालिच्यावर हळूच दाबला गेला, आणि नेमक्या त्याच क्षणी, धक्का न बसता, गाडी मंदावली.

"झोपलात का?" मास्तरीणबाईंनी विचारलं.

"नाही," मास्तर डोळे न उघडता म्हणाले. "ब्रेक कुणी दाबला?"

"मी," त्या म्हणाल्या. "का?"

मास्तरांनी हाही गैरसमज दूर केला नाही. वळण संपलं आणि गाडी पुन्हा तलावाच्या कडेने चालू लागली.