होडी घेऊन गेलेलं घराणं

कासम नाखवा मूळचे हर्णैचे. ओमानमधल्या हमरिया या वस्तीतल्या एका बोळात ते तिथल्या लोकांचे लांब पांढरे झगे, म्हणजे डिशदाशे, शिवतात. माप घेताघेता गिऱ्हाइकाला सांगतात, की आपण खरे तर इकडचेच. इथल्या एका बेटावरून आपला शूर पूर्वज गलबत घेऊन कोकणात उतरला, असं त्यांचे आजोबा सांगायचे. त्यांची बायको वजीरा यावर एवढंच विचारते, की अशा शूराच्या वंशात झुरळाला भिणारा कसा निपजला.

जमाल नावाचे एक म्हातारे मासेमार त्यांचे जुने गिऱ्हाईक. त्यांच्या गावासमोरच ते बेट होतं. जानेवारीत समुद्र निवला तसं त्यांनी कासमना सहकुटुंब बोलावलं. शनिवारी दुकान बंद ठेवून कासम, वजीरा आणि त्यांची शाळकरी मुलगी सिदरा सकाळीच निघाले.

जमालांच्या होडीनं किनारा सोडला आणि नाखव्यांचा वारस काठावर ओणवा झाला. वजीरानं एका हातानं त्यांची कॉलर धरली, दुसऱ्यानं लिंबू पुढे केलं. जमाल मात्र क्षितिजाकडेच बघत राहिले. हसू लपवायला होडीत दुसरी जागा नव्हती.

बेटावर एक पडका बुरूज होता आणि खाली जुनं कबरस्तान. फार पूर्वी इथे दोन घराणी राहायची आणि गोड्या पाण्याच्या एकुलत्या विहिरीवरून भांडायची, असं जमालांनी सांगितलं. कासमच्या अंगात जीव आला. हिंदला गेलेला आपला पूर्वज यातल्या कोणत्या घराण्याचा, असं त्यांनी अरबीत विचारलं.

जमाल जरा घुटमळले.

"एक घराणं गेलं खरं," ते म्हणाले. "लढाईच्या आदल्या रात्री. बेटावर एकच मोठी होडी होती, ती घेऊन."

हे मराठीत सांगायला कासमना बराच वेळ लागला.

"म्हणजे बाबा," सिदरानं शब्द शोधत विचारलं, "आपण... रन अवे केलं?"

कासम दूर एका दगडावर जाऊन बसले. थोड्या वेळानं वजीरा शेजारी येऊन बसली. आता ही सोडणार नाही, म्हणून त्यांनी मान खाली घातली.

"ते पळाले नसते," ती म्हणाली, "तर मी जन्मभर नावं कुणाला ठेवली असती?"

कासम उठले. या कबरी कुणाच्या, असं त्यांनी जमालांना विचारलं. जे मागे राहिले त्यांच्या, जमाल म्हणाले, म्हणजे माझ्या घराण्याच्या. कासमनी हात उचलून बराच वेळ दुआ मागितली. मग जमालांकडे वळून त्यांनी होडी नेल्याबद्दल रीतसर माफी मागितली.

जमालांनी दाढी कुरवाळत विचार केला.

"माफ केलं," ते म्हणाले. "पण तुम्ही तिघं होडीत चढायच्या आधी मी चढणार."