चौथ्या परिच्छेदातला माणूस

गेल्या मंगळवारी मी एका जिवंत माणसाला मारलं... कॉम्प्युटरवर. ते कळल्यापासून दुसरं काही सुचत नाहीये, म्हणून शेवटी इथं लिहून टाकते आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... इथं संभाजीनगरला तहसीलबाहेर कडुलिंबाखाली माझं टेबल आहे. अठ्ठावीस वर्षं झाली, लोकांचे अर्ज आणि प्रतिज्ञापत्रं टाइप करते. त्यातली सव्वीस वर्षं मशीनवर, म्हणजे जुन्या टाइपरायटरवर.

मशीनवर प्रत्येक कागद पहिल्या शब्दापासून नव्यानं बडवावा लागायचा. बडवताना मी प्रत्येक शब्द पुटपुटत वाचायची. शेजारचा झेरॉक्सवाला चिडवायचा, "काकूंनी पोथी लावली बघा!" हसा म्हणावं... पण सव्वीस वर्षांत माझा एक कागद कधी परत आला नाही.

मग रिबन मिळेनाशी झाली, गिऱ्हाइकं नाक मुरडायला लागली आणि लॅपटॉप घ्यावा लागला. त्यावरही मी मशीनसारखंच सगळं पहिल्यापासून टाइप करत बसायची. या उन्हाळ्यात लेक पुण्याहून आली, तिनं ते बघून कपाळावर हात मारला. "आई, सारखं तेच तेच काय टाइप करतेस गं? एवढं निळं कर, उचल, तिकडं टाक!"

पहिल्याच दिवशी मी कॉपीऐवजी कट दाबलं आणि अख्खं पान गायब. लेक पोट धरून हसली. पेस्ट कर म्हणाली, केलं, आलं सगळं परत.

मग काय विचारता! अर्ध्या तासाचं काम पाच मिनिटांत व्हायला लागलं आणि मी स्वतःला फार हुशार समजायला लागले. पुटपुटणं कधी बंद पडलं ते माझं मलाच कळलं नाही.

मंगळवारी पैठणकडच्या एका खेड्यातून कडूबाई आल्या, सोबत त्यांची मुलगी शीतल. शीतलला नर्सिंगला सरकारी जागा मिळालेली आणि कागद दाखवायचा तो शेवटचा दिवस. बारावीनंतर तिचं एक वर्ष का गेलं, याचं आईच्या नावानं प्रतिज्ञापत्र हवं होतं.

वर्ष गेलं कारण वडिलांना लकवा झाला होता. आई मजुरीला आणि ही पोर घरी... भरवणं, आंघोळ, हातपाय चोळणं, सगळं हिनं केलं. आता ते काठी टेकत अंगणापर्यंत येतात, हे सांगताना कडूबाईंचा चेहरा नुसता फुलला होता.

त्याच सकाळी मी असंच एक प्रतिज्ञापत्र केलं होतं. त्या मुलाचे वडील वारले म्हणून त्याचं वर्ष बुडालेलं. मी ते अख्खं निळं केलं, उचललं, नव्या पानावर टाकलं. नावं बदलली, गाव बदललं, आधार नंबर बदलला... चौथा परिच्छेद तसाच राहिला.

"माझे पती मयत झाल्यामुळे..."

कडूबाईंना वाचता येत नाही, त्यांनी अंगठा दिला. शीतलला कॉलेज गाठायची घाई. शिक्का मारणाऱ्यानंही वाचलं नाही, पण त्याच्यावर ढकलून काय होणार? टाइप मी केलं होतं.

बुधवारी सकाळी मी टेबल पुसत होते, तर दोघी समोर उभ्या. आदल्या दिवशी कॉलेजच्या खिडकीवर विचारलं होतं... वडील मयत आहेत, मग प्रवेश अर्जावर ही सही कुणाची? ती सही वडिलांचीच होती, डाव्या हातानं, कितीतरी वेळ लावून केलेली. खोटे कागद म्हणून त्यांना परत पाठवलं आणि त्याच दिवशी पाच वाजता मुदत संपली.

कडूबाईंनी शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, वरीसभर आमी त्यांना मरू दिलं नाय... अन् तुमी एका कागदात..." शीतल माझ्याकडं बघतसुद्धा नव्हती.

मी टेबल तसंच टाकून त्यांच्यासोबत कॉलेजला गेले. चूक माझी आहे असं लिहून दिलं, हातापाया पडले. तिथल्या माणसानं सगळं नीट ऐकून घेतलं, पण जागा पुढच्या नंबरला गेली होती. नवीन प्रतिज्ञापत्र आणा म्हणाले, सोमवारच्या फेरीत जागा उरली तर बघू.

उरली तर... हे दोन शब्द तेव्हापासून डोक्यात घण घालताहेत. पोरीनं बापाला उभं केलं आणि मी अर्धा तास वाचवायला तिचं वर्ष पुन्हा घालवलं. लाज वाटते हो, फार लाज वाटते.

बाहेर आल्यावर वाटलं, आता दोघी दुसऱ्या कुणाकडून कागद करून घेतील. घ्यायलाच हवा होता. पण कडूबाई परत माझ्याच टेबलासमोर येऊन बसल्या. "तुमीच करा. पण वाचून करा."

मी कोरं पान उघडलं. काही उचललं नाही, काही टाकलं नाही... पहिल्या शब्दापासून टाइप करत गेले, पुटपुटत नव्हे तर मोठ्यानं वाचत. चौथ्या परिच्छेदाशी आले. "माझे पती हयात असून..."

कडूबाईंनी हात वर केला. "पुन्ना वाचा."

वाचलं.

"अजून एकदा."

तिसऱ्यांदा वाचताना मी मधेच अडखळले. शीतलनं तेव्हा पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं, आणि तिची पाण्याची बाटली माझ्यापुढं सरकवली.

आज शनिवार. सोमवारी जागा उरली नाही तर त्या पोरीला मी काय तोंड दाखवणार, मला खरंच माहीत नाही. माफ केलं असं दोघींपैकी कुणी म्हणालं नाही आणि मी विचारलंही नाही... पण माझ्याच टेबलासमोर बसून त्यांनी ते तीन वेळा माझ्याकडून वाचून घेतलं, तेवढे त्यांचे उपकार मी जन्मभर विसरणार नाही.